घरचा पतंग आणि वाऱ्याची तपासणी

संक्रांत जवळ आली की गावोगावच्या बाजारपेठांत पतंगांच्या चवडी रचल्या जातात. आणि थोडक्या पैशांत तयार, रंगीत, हलकाफूल पतंग हाती पडत असताना तो घरी करण्याचा खटाटोप कोणी कशासाठी करावा, हा प्रश्न व्यवहारदृष्ट्या अगदी रास्त म्हटला पाहिजे. काटकसर हे त्याचे उत्तर नव्हे, कारण खर्ची पडणाऱ्या वेळाचा हिशेब धरला तर घरचा पतंग बाजारच्या पतंगाहून महागच पडतो. त्याचे खरे उत्तर असे आहे की, विकतचा पतंग उडाला तर तो का उडाला हे आपल्याला कळत नाही, आणि नाही उडाला तर तो का नाही उडाला हेही कळत नाही. आपण तो बाजूला टाकतो आणि चवडीतला दुसरा उचलतो. घरी केलेल्या पतंगाची गोष्ट निराळी. त्यातली प्रत्येक काडी आपण मोजलेली, प्रत्येक गाठ आपण मारलेली असल्यामुळे आकाशात दिसणाऱ्या प्रत्येक दोषाचे मूळ आपल्याला हातातल्या वस्तूत सापडू शकते. वारा हा वशिला न मानणारा हिशेबतपासनीस आहे. त्याच्यापुढे कर्त्याची कीर्ती किंवा कागदाचा रंग यांतले काहीच जमेस धरले जात नाही, धरले जाते ते फक्त वजन, माप आणि समतोल. या तपासणीला स्वखुशीने सामोरे जाणे आणि तिने दाखवलेली चूक आपल्या हाताने दुरुस्त करणे, हाच घरच्या पतंगाचा खरा लाभ होय.

कृतीकडे वळण्यापूर्वी पतंग वर का जातो हे थोडक्यात समजून घेणे क्रमप्राप्त आहे, कारण पुढील सर्व मापे त्यातूनच निघतात. दोऱ्याने ओढून धरलेला पतंग वाऱ्यासमोर तिरका उभा राहतो. समोरून येणारा वारा त्या तिरक्या कागदामुळे खाली वळतो, आणि वाऱ्याला खाली लोटताना कागद स्वतः वर लोटला जातो. याबरोबरच वारा त्याला मागेही रेटत असतो. तो रेटा दोरा सहन करतो, आणि पतंगाचे वजन त्याला खाली ओढीत असते. वर नेणारा जोर, मागे रेटणारा जोर, वजन आणि दोऱ्याचा ताण यांचा मेळ बसला की पतंग एका जागी स्थिरावतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो, हा येथला मुख्य नियम. चाळीस सेंटिमीटर बाजूच्या चौरस पतंगाचे क्षेत्रफळ ०.१६ चौरस मीटर भरते. ताशी १५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा त्यावर पडू शकणारा दाब ढोबळमानाने दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम वजनाइतका होतो, तर वेग ताशी ५ किलोमीटरवर उतरला की तोच दाब नवव्या हिश्श्यावर, म्हणजे वीस ग्रॅमांच्या आत येतो. घरी केलेला वर्तमानपत्राचा पतंग काड्या, खळ व शेपूट धरून सहजच पंधरा-वीस ग्रॅम भरतो. तेव्हा मंद वाऱ्यात तो जमीन का सोडत नाही, आणि वजनातला एकेक ग्रॅम का वाचवावा, याचा खुलासा या साध्या अंकगणितातच आहे.

साहित्याची यादी लहान आहे: वर्तमानपत्राचे एक जोडपान, दोन काड्या, चमचाभर पीठ, शिवणदोऱ्याचे एक रीळ, जुन्या मऊ सुती कापडाची चिंधी आणि एक कात्री. यांपैकी कोणतीही वस्तू मुद्दाम विकत आणावी लागू नये, हा या कृतीचा दंडक समजावा.

वर्तमानपत्राचा कागद पतंगासाठी सर्वोत्तम खचित नव्हे. पतंगी कागद त्याच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा असतो आणि वाऱ्यात तो अधिक तंग राहतो. तथापि चाळीस सेंटिमीटरच्या चौरसाला वर्तमानपत्राचा कागद सात-आठ ग्रॅमच भरतो, आणि शेपूट लावलेल्या साध्या पतंगाला तेवढे वजन पेलवते. जोडपानाचा एक कोपरा तिरका दुमडून एक कड शेजारच्या कडेवर तंतोतंत बसवली आणि उरलेली पट्टी कापून टाकली की पट्टीवाचूनही चौरस मिळतो. मग तो मोजून चाळीस सेंटिमीटरवर आणावा. यानंतर तो एका कर्णावर हलकेच दुमडून पाहावा. दोन्ही अर्ध एकमेकांवर बरोबर बसले तर चौरस खरा. एक कड जरी दोरवाभर बाहेर आली तरी ती येथेच छाटावी, कारण कागदावर जो फरक क्षुल्लक वाटतो तोच वाऱ्यात पतंगाला एका अंगाला ओढतो. वर्तमानपत्राला मुळातच पडलेली मधली घडी कोमट इस्त्रीने सपाट करून घ्यावी. कागद चुरगळलेला, तेलकट किंवा ओलसर नसावा, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

काड्यांच्या बाबतीत मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण पतंगाचे सारे शील काड्यांत असते. पतंगाला दोन काड्या लागतात: वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत सरळ जाणारा कणा, आणि डाव्या कोपऱ्यापासून उजव्या कोपऱ्यापर्यंत वर वाकून जाणारी कमान. कणा ताठ हवा, कमान लवचीक हवी. चाळीस सेंटिमीटरच्या चौरसाचा कर्ण साडेछप्पन्न सेंटिमीटर येतो, म्हणून कणा छप्पन्न सेंटिमीटरांचा घ्यावा. कमान वाकायची असल्यामुळे ती त्याहून लांब, सुमारे पासष्ट सेंटिमीटरांची लागते. कारागीर यासाठी बांबूच्या कामट्या तासतात. बांबूच्या सालीलगतच्या भागात धागे दाट असतात व आतल्या गराकडे ते विरळ होत जातात, म्हणून चांगली कामटी नेहमी सालीकडच्या अंगाची असते. ती धाग्याच्या रोखाने चिरली तर वाकते, धागा तोडून कापली तर मोडते. मोडक्या करंडीची किंवा जुन्या चिकाची एखादी कामटी घरात असेल तर ती चाकूने तासून कण्यासाठी तीन मिलिमीटर आणि कमानीसाठी दोन मिलिमीटर जाडीवर आणावी. लहान मुलांच्या हाती चाकू न देता हे काम वडीलधाऱ्यांनी करावे.

बांबू नसेल तेथे कोकणातल्या मुलांचा जुना उपाय कामी येतो: माडाच्या झाडूतले हीर. नारळाच्या पात्याची ही मधली शीर हलकी, चिवट आणि आयती गोल असते. तिच्यात एकच उणीव आहे, की ती बुडाशी जाड व शेंड्याशी बारीक असते, आणि अशी एकच काडी कमानीला वापरली तर पतंगाचे एक अंग ताठ आणि दुसरे लुळे होते. यावरची तोड अशी की, दोन सारखे हीर घेऊन एकाचे बूड दुसऱ्याच्या शेंड्याशी येईल असे उलटसुलट जोडावेत आणि चार-पाच ठिकाणी दोऱ्याने बांधावेत. मग दोन्ही टोकांची जाडी आपोआप सारखी होते. कमान कशाचीही असो, तिची एक परीक्षा चुकवू नये. तिचा मध्य दोऱ्याने खूण करून, त्या खुणेखाली बोट धरून ती आडवी तोलून पाहावी. जे टोक खाली झुकेल ते किंचित खरवडावे. मग दोन्ही टोके धरून ती वाकवून पाहावी. दोन्ही अंगांचा बाक सारखा दिसेतोवर हे काम संपले असे समजू नये. पतंग करणाऱ्याचा अर्धा वेळ या एका काडीवर गेला तरी तो सत्कारणी लागला.

खळ करण्यास मैदा किंवा तांदळाची पिठी चालते. चमचाभर पीठ पाच-सहा चमचे थंड पाण्यात गुठळ्या न राहतील असे कालवून मंद आचेवर ढवळावे. ते पारदर्शक होऊन दाटले की खळ झाली. घाईच्या वेळी शिजलेल्या भाताची शिते बोटाने चिरडून लावली तरी काम भागते. पूर्वी कित्येक घरांत पाकिटे याच रीतीने चिकटवली जात. खळ लावताना हात आखडता ठेवावा. जाड थर लवकर सुकत नाही, कागदाला सुरकुत्या पाडतो आणि विनाकारण वजन वाढवतो.

आता जुळणी. कागद कोपरा वर येईल असा टेबलावर ठेवावा. कण्याला खळीचा पातळ हात देऊन तो उभ्या कर्णावर चिकटवावा, आणि दोन्ही टोकांवर कागदाचे छोटे तुकडे डकवून ती पक्की करावीत. मग कमानीचे एक टोक डाव्या कोपऱ्यावर तशाच तुकड्याने चिकटवून, ते पुरते सुकल्यावर, ती वर वाकवून दुसरे टोक उजव्या कोपऱ्यावर आणावे. कमानीचा माथा कण्याला जेथे छेदतो ती जागा वरच्या टोकापासून चौदा सेंटिमीटरांवर, म्हणजे कण्याच्या चौथ्या हिश्श्यावर यावी. ती वर सरकली तर कमान कागदाच्या कडेबाहेर डोकावते. खाली राहिली तर वरचा कागद मोकळा फडफडतो. दुसरे टोक सुकेपर्यंत दोन्ही कोपऱ्यांवर पुस्तके ठेवावीत, कारण सरळ होऊ पाहणारी कमान ओल्या खळीला जुमानत नाही. ज्याला अधिक टिकाऊ पतंग हवा असेल त्याने कागद सुरुवातीलाच चहूबाजूंनी एकेक सेंटिमीटर मोठा कापून, कडेने दोरा घालून, ती कड त्यावर दुमडून चिकटवावी. कागद फाटायला लागतो तो बहुधा कडेपासून, आणि दोरा ती फाट तेथेच थोपवतो.

यानंतर येते ती कन्नी, जिला काही गावांत मंगळसूत्र म्हणतात. उडवायचा लांब दोरा पतंगाला थेट न बांधता दोन पायांच्या या छोट्या दोऱ्याला बांधतात, आणि पतंग वाऱ्यासमोर किती तिरका उभा राहील हे सर्वस्वी तीच ठरवते. काड्या ज्या बाजूला आहेत तिच्या उलट बाजूला कन्नी येते, म्हणजे वारा कागदाला काड्यांवर दाबतो, काड्यांपासून सोडवीत नाही. कमान व कणा जेथे छेदतात तेथे कागदाला सुईने दोन छिद्रे पाडून, दोरा आरपार नेऊन दोन्ही काड्यांभोवती एकत्र बांधावा. तसाच दुसरा पाय कण्याच्या खालच्या टोकापासून चौदा सेंटिमीटरांवर बांधावा. वरचा पाय अठ्ठावीस सेंटिमीटरांचा आणि खालचा त्याहून दोन सेंटिमीटर लांब, असे ठेवून दोहोंची एक घट्ट गाठ मारावी. हाताशी पट्टी नसेल तर खालचा पाय बोटभर अधिक ठेवावा. या दोन सेंटिमीटरांचे कारण असे की, पाय समान असते तर दोऱ्याची ओढ पतंगाच्या बरोबर मध्यावर पडली असती आणि तो वाऱ्यासमोर फार उभा राहिला असता. खालचा पाय लांब केल्याने ओढीची जागा किंचित वर सरकते आणि पतंगाचे तोंड वाऱ्यात पुढे झुकते. वारा जोराचा असेल तर वरचा पाय आणखी थोडा आखूड करावा, म्हणजे पतंग अधिक आडवा होऊन वाऱ्याला कमी अंग देतो. वारा मंद असेल तर उलट करावे. एका गाठीने एवढे साधत असल्यामुळे ती गाठ प्रथम सुटेल अशीच मारावी, आणि पतंगाचा स्वभाव कळल्यावर कायम करावी.

शेपटाविषयी एक सार्वत्रिक गैरसमज आहे. शेपूट पतंगाचे बूड जड करते म्हणून तो सरळ राहतो असे बहुतेकांना वाटते, आणि म्हणून ते चिंध्यांची मोठी गाठ किंवा क्वचित खडाही बांधतात. वस्तुतः शेपटाचे मुख्य काम वजनाचे नसून वाऱ्याच्या घर्षणाचे आहे. पतंग एका अंगाला वळू लागला की मागे वाऱ्यात तरंगणारे लांब शेपूट त्याचे खालचे टोक धरून ठेवते, आणि वर तोंड करून राहणे त्याला भाग पडते. म्हणून शेपूट लांब व हलके असावे. जुन्या मलमलीची किंवा विटलेल्या साडीची दोन-तीन सेंटिमीटर रुंदीची पट्टी पतंगाच्या उंचीच्या तिप्पट-चौपट, म्हणजे पावणेदोन ते सव्वादोन मीटर लांब, घेऊन ती खालच्या टोकाला बांधावी. कापड जड असेल तर दोऱ्याला वीतवीत अंतरावर कागदाच्या घड्या बांधून केलेले शेपूटही उत्तम काम देते.

पतंग तयार झाला; आता जागा आणि वारा. उंच इमारतींच्या आडोशाला वारा तुटतो, फिरतो आणि खाली कोसळतो, त्यामुळे चाळीच्या बोळातून पतंग चढवणाऱ्याचे कष्ट बहुधा वाया जातात. मोकळे मैदान, नदीचे रुंद पात्र, समुद्राचा किनारा किंवा पीक निघालेले शेत, या त्याच्या जागा. किनाऱ्यालगत दुपारी जमीन तापली की समुद्रावरून एकसारखा वारा वाहू लागतो, आणि तो नवशिक्याला विशेष अनुकूल असतो. वाऱ्याची अजमावणी झाडांवरून करावी. पाने नुसती सळसळत असतील तर वारा ताशी ६ ते ११ किलोमीटरांचा असतो, आणि तो वर्तमानपत्राच्या पतंगाला अपुरा पडण्याचा संभव असतो. पाने आणि बारीक डहाळ्या एकसारख्या हलत असतील तर तो ताशी १२ ते १९ किलोमीटरांचा, म्हणजे आपल्या कामाचा. धूळ व कागदाचे कपटे उडू लागले की तो त्याही पलीकडे गेला असे समजून कच्च्या हाताने पतंग घरीच ठेवावा. जोडीदाराने पतंग घेऊन वाऱ्याच्या रोखाने वीस-पंचवीस पावले दूर जावे, तो दोन्ही हातांनी वर धरावा आणि वाऱ्याची झुळूक आली की नुसता सोडावा, फेकू नये. दोरा धरणाऱ्याने वाऱ्याकडे पाठ करून त्याच क्षणी दोरा खेचावा. मुले पतंग घेऊन धावत सुटतात, परंतु वारा पुरेसा असेल तर धावण्याची गरज नसते आणि नसेल तर धावून फारसे निभत नाही. जमिनीलगतचा वारा नेहमीच मंद व अस्थिर असतो. झाडांच्या शेंड्यांवर पोहोचला की पतंगाला खरा आधार मिळतो, म्हणून पहिली पंधरा-वीस मीटर उंची गाठणे हीच काय ती परीक्षा.

या टप्प्यावर उडवणाऱ्याचे लक्ष कोठे असावे, हे संत नामदेवांइतके नेमके क्वचितच कोणी सांगितले असेल. गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेल्या त्यांच्या एका पदात कागद कापून केलेली वावडी आकाशात फिरत असते, मुलगा सोबत्यांशी गप्पा मारीत असतो, पण त्याचे चित्त मात्र दोरीवरून हलत नाही. नामदेवांना त्यातून ईश्वरस्मरणाचा दाखला द्यायचा होता. परंतु तेराव्या-चौदाव्या शतकातल्या त्या संतकवीने मुलांचा हा खेळ किती जवळून पाहिला असावा, हेही त्यावरून कळते; पतंगाकडे डोळे लावून बसणाऱ्यापेक्षा बोटांवरचा ताण ओळखणारा मुलगाच पतंग टिकवतो.

आता तपासणीचा निकाल वाचायचा. पतंग वर जाण्याऐवजी मागे मागे सरकतो, थरथरतो आणि बसतो, तेव्हा तो वाऱ्यासमोर फार उभा आहे असे समजून कन्नीचा वरचा पाय थोडा आखूड करावा. तो डोके खाली घालून पुढे घसरतो आणि दोरा सैल पडतो, तेव्हा तो फार आडवा झाला असे समजून तोच पाय लांब करावा. तो नेहमी उजवीकडेच झुकतो, तेव्हा उजवे अंग जड आहे किंवा उजवीकडची कमान अधिक वाकली आहे. डाव्या टोकाला कागदाची छोटी पट्टी किंवा दोऱ्याचे चार वेढे गुंडाळून वजन सारखे करावे. तो कधी या तर कधी त्या अंगाला गिरक्या घेतो, तेव्हा दोष समतोलाचा नसून शेपूट आखूड पडल्याचा असतो. तो सरळ उभा राहतो पण उंची घेत नाही, तेव्हा शेपूट लांब किंवा पतंग जड झालेला असतो. या निदानात एका वेळी एकच बदल करावा, हा नियम वैद्यकाइतकाच येथेही मोलाचा आहे. कन्नी, शेपूट आणि वजन तिन्ही एकदम बदलणाऱ्याला पतंग सुधारला तरी कशाने सुधारला याचा पत्ता लागत नाही.

ज्यांनी येवल्याची संक्रांत पाहिली आहे त्यांना प्रश्न पडेल, की तेथले पतंग तर शेपटावाचून उडतात. मग हे शेपूट कशासाठी? नाशिक जिल्ह्यातले हे पैठणीचे गाव भोगी, संक्रांत आणि कर असे तिन्ही दिवस गच्च्यांवर राहायला जाते, आणि बांबूच्या आसारीवर गुंडाळलेल्या दोऱ्याने तेथे जे पेच लढवले जातात त्यांतला पतंग मुद्दामच अर्धवट अस्थिर ठेवलेला असतो. दोरा खेचला की वाऱ्याच्या दाबाने कमानीची दोन्ही टोके मागे वाकतात, पतंगाचे अंग मध्याशी पुढे व कडांशी मागे असे होते, आणि तो तोंड ज्या दिशेला असेल त्या दिशेला सरळ धावतो. ढील दिली की कमान पुन्हा सरळ होते, पतंग सपाट होतो आणि गिरकी घेऊ लागतो. गिरकी घेता घेता तोंड हव्या त्या दिशेला आले की पुन्हा खेच. खेच आणि ढील यांच्या आलटापालटीने आकाशात पतंग हवा तेथे नेण्याची ही विद्या सर्वस्वी कमानीच्या लवचिकपणावर उभी आहे, आणि शेपूट लावले की ती संपते. म्हणजे शेपटाचा पतंग स्थिर पण आज्ञाधारक नव्हे, आणि बिनशेपटी पतंग आज्ञाधारक पण स्थिर नव्हे. पहिला पतंग शेपटाचा करावा, आणि त्याचे सर्व दोष ओळखता येऊ लागल्यावर पतंगी कागद व तासलेली कमान घेऊन दुसऱ्याकडे वळावे, हा क्रम त्यामुळेच योग्य ठरतो.

दोऱ्याबाबत मात्र शिथिलता नको. घरच्या पतंगाला साधा सुती शिवणदोरा, लागल्यास दुपदरी करून, पुरतो. त्याला काच लावण्याचे काही प्रयोजन नाही. नायलॉनचा मांजा तुटत नाही आणि कुजत नाही, म्हणूनच तो झाडांवर व तारांवर महिनोन्महिने लटकून पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीस्वारांचे गळे चिरतो; राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ च्या जुलैमध्ये नायलॉन व तत्सम कृत्रिम मांजावर देशभर मनाई हुकूम दिला तो याच कारणाने. विजेच्या तारांजवळ, रस्त्यालगत, कठडा नसलेल्या गच्चीवर किंवा ढगांचा गडगडाट ऐकू येत असताना पतंग काढू नये, आणि तारेत अडकलेला पतंग काठीने काढण्याच्या भरीस कदापि पडू नये. सरकारी दप्तरानेही पतंगाला क्षुल्लक मानलेले नाही: १९३४ च्या विमानविषयक कायद्यात विमानाची जी व्याख्या केली होती तीत फुगे आणि ग्लायडर यांच्या पंक्तीला पतंगाचीही नोंद होती.

ती नोंद हास्यास्पद वाटली तरी इतिहासाला धरून होती. बेंजामिन फ्रँकलिनने १७५२ मध्ये आपल्या विजेच्या प्रयोगाचे जे वर्णन प्रसिद्ध केले त्यातला पतंग देवदाराच्या दोन हलक्या पट्ट्यांच्या फुलीवर रेशमी हातरुमालाचे चार कोपरे बांधून केलेला होता. पावसात कागद टिकणार नाही म्हणून रेशीम, एवढाच काय तो थाट. तो प्रयोग प्राणघातक आहे आणि अनुकरणीय मुळीच नाही, परंतु साहित्य घरातलेच होते. नायगरा नदीच्या घळीवर झुलता पूल बांधायचा ठरला तेव्हा पहिला दोर पलीकडे न्यायचा कसा, हा पेच १८४८ मध्ये होमन वॉल्श या किशोरवयीन मुलाने पतंगाने सोडवला. पतंगाच्या दोऱ्यामागून जाड दोर आणि दोरामागून तारेचे केबल ओढून नेण्यात आले. सायकलींचा धंदा करणाऱ्या राइट बंधूंनी पंख पिळून विमानाचा तोल सांभाळण्याची आपली कल्पना १८९९ मध्ये प्रथम एका दुमजली पतंगावर पडताळून पाहिली, आणि १९०१ च्या डिसेंबरात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर अटलांटिकपलीकडचा बिनतारी संदेश टिपताना मार्कोनीने आपली तार पतंगानेच उंच नेली होती. या सर्वांत समान सूत्र असे दिसते की, हाती असलेल्या साध्या वस्तूला त्यांनी वाऱ्यापुढे नेमका एक प्रश्न विचारायला लावले.

तोच अधिकार घरातल्या मुलालाही आहे, आणि येथे वडीलधाऱ्यांना एक विनंती करावीशी वाटते. चाकू त्यांनी आपल्या हाती ठेवावा, शेगडीजवळ उभे राहावे, मैदान निवडून द्यावे. परंतु मुलाने चिकटवलेली कमान डोळ्यांना वाकडी दिसली म्हणून ती उखडून सरळ करून देऊ नये. त्या पतंगाने एका अंगाला झुकावे, मुलाने तो उतरवून उजव्या-डाव्या टोकांचे वजन तोलून पाहावे, आणि चूक कोठे आहे हे आपणच शोधून काढावे. बाबांनी किंवा आजोबांनी दाखवलेली चूक मुलाला टीका वाटते, आणि तिच्याशी वाद घालता येतो. वाऱ्याने दाखवलेल्या चुकीशी वाद घालण्याची सोय नसते, आणि ती दुरुस्त केल्यावर मिळणारे श्रेयही कोणाला वाटून द्यावे लागत नाही. कागद फुकटचा आहे, खळ उरलेली आहे, झाडूत हीर पुष्कळ आहेत. पहिला पतंग फाटला तर दुसरा करण्यास दुपार पुरते.